तेराव्या ठोक्याची नोंद

तांडापेठेच्या वाचनालयात अठरा खंडांचा एक कोश होता. त्याच्यावर धूळ इतकी, की कोणी मूठभर हरभरा फेकला असता तर संक्रांतीपर्यंत घाटे धरले असते. हे वाढवून सांगितलंय असं ज्याला वाटेल त्याने बहात्तर सालच्या उन्हाळ्यात तिथं जाऊन पाहायला हवं होतं. एका निवृत्त तहसीलदाराने तो कोश वाचनालयाला दान दिला आणि लगोलग पुण्याला राहायला गेला. कोणी परत आणून देईल ही भीती असावी. चार वर्षांत ग्रंथपालाखेरीज इतरांच्या हातून त्यातला एक खंड फक्त हलला होता, तोही खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायला.

बळीराम बारापात्रे तिथला ग्रंथपाल. झाडणाराही तोच, माठ भरणाराही तोच. बाप कोष्टी, पण बळीराम पाच वर्षांचा असताना बापाने माग विकून मिलची नोकरी धरली. त्यामुळे बळीरामच्या कानात मागाचा आवाज होता, हातात मात्र कला नव्हती. तिची भरपाई म्हणून की काय, त्याचा कोशावर जीव होता. रोज एक खंड पुसायचा (अठरावा पुसेपर्यंत पहिल्यावर पुन्हा धूळ), उघडून दोन पानं वाचायचा, आणि वाचलेलं सांगायला माणूस शोधायचा. माणसं त्याला पाहून रस्ता बदलायची.

वाचनालयाचे अध्यक्ष ताराचंद यांनी एके दिवशी सरळ सांगितलं, की वर्षभरात वाचक दाखवा, नाही तर हे अठरा ठोकळे एखाद्या कॉलेजात देऊन त्या जागी कॅरम ठेवू. बळीराम तोंड पाडून समोर नत्थूच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. नत्थूने ऐकून घेतलं आणि विचारलं, कोशात आपल्या पेठेबद्दल काय लिहिलंय. काही नाही, बळीराम म्हणाला. नागपूर अर्ध्या रकान्यात उरकलं आहे: ऊन, संत्री आणि लोकसंख्या.

"न्यूझीलंडात मेंढ्या किती ते लिवलं का?"

"ते आहे."

"मंग झालं तर. ज्यानं मेंढरं मोजली अन् मले नाही मोजलं, त्याले मी काहून वाचू गा?"

बळीराम कप अर्धा टाकून उठला. त्याच दुपारी त्याने फुलस्केपच्या चार कागदांवर सुवाच्य अक्षरात 'तांडापेठ' ही नोंद लिहिली. घरं किती, माग किती, त्यांतले चालू किती, विहीर कोणी खणली, आखाडा कधीचा. गव्हाच्या खळीने ती पानं त्याने सातव्या खंडात, 'तांडव' आणि 'तांबे' यांच्या मधोमध, नीट चिकटवली. नत्थूला बोलावून दाखवली. नत्थूने बोट ठेवत ठेवत 'चहाच्या टपऱ्या तीन, पैकी जुनी नत्थू यांची' इथपर्यंत वाचलं, आणि टपरी तशीच उघडी टाकून पेठेत सांगत सुटला.

त्यानंतर जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. पंधरवड्यात वाचनालयाच्या पायऱ्यांवर चपलांचा एवढा ढीग पडू लागला, की एका गृहस्थाला आपली जोडी काढायला वरून खाली तासभर उपसा करावा लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचता येणाऱ्याला हाताला धरून आणायचे. बायका खिडकीबाहेर उभ्या राहून ऐकायच्या. आपल्या गल्लीचं नाव आलं की पुढचं पान, मागचं पान, करता करता माणसं 'तांबे' धातूवर जायची, तिथून तोफांवर, तिथून तुर्कस्तानात. वाचकांच्या वहीला नवीन वही जोडावी लागली. कॅरमचा विषय निघाला नाही.

बळीराम मग पेठेतल्या एकेका माणसाची, एकेका कलेची नवी पानं चिकटवत गेला. त्याचा एक नेम होता: तपासल्याशिवाय लिहायचं नाही. विहिरीची खोली त्याने दोर सोडून मोजली. आखाड्याच्या पहिलवानाने सांगितलं की मी एका बैठकीला चाळीस पोळ्या खातो. बळीरामने त्याला घरी जेवायला बोलावलं, पोळ्या मोजल्या, आणि कोशात 'सत्तावीस' लिहिलं. पहिलवान महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. बळीरामला त्याचं काहीच वाटलं नाही. कोश म्हणजे कोश.

वाचनालयाच्या भिंतीला भिंत लागून लहानूजी परात्यांचं घर होतं. म्हातारा सत्तरीपुढचा. मुलगा तापात गेला, बायकोही गेली. घरात विधवा सून उत्तरा आणि एक खड्ड्याचा माग. लहानूजी करवतकाठी लुगडी विणायचा. काठाला करवतीसारखे दात असतात ते लुगडं. हे काम एकट्याचं नाही. आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि मागाच्या दुसऱ्या बाजूला समोर एका माणसाला बसावं लागतं. पूर्वी बायको बसायची, आता उत्तरा.

करवतकाठी पुष्कळ जण विणत. पण इतरांचा दात थोडा तरी कलायचा, दमलेल्या माणसाच्या खांद्यासारखा. लहानूजीचा दात सुईसारखा उभा. रामटेकच्या बाजूच्या पाचसात गावांत असं होतं, की नवरीच्या अंगावर ही उभी करवत असल्याशिवाय मामा तिला मांडवात आणायचा नाही. हंगामाला पाच-सहा लुगडी जायची. त्या उभ्या दातांवर दोन जीव जगत होते, दुसरं काहीच नव्हतं. व्यापाऱ्यांनी पूर्वी त्याची लुगडी विकत नेऊन तार तार उसवून पाहिली होती. प्रत्येक दाताला बारा धागे निघायचे. तेही बारा घालायचे, आणि त्यांचा दात कलायचा तो कलायचाच. पेठेत म्हणायचे, म्हातारा सुताला दम देतो म्हणून ते सरळ राहतं.

बळीरामला ही नोंद हवी होती. लहानूजीने आधी टाळलं, मग हसला, मग म्हणाला ये. तीन दुपारी बळीराम मागाशेजारी वही घेऊन बसला. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं: रेशीम कुठून येतं, रंग कोणता पक्का, धोटे कसे अडकवायचे, दाताला फेरे बारा. बळीरामने लिहिलं, 'करवत' शब्दाखाली चिकटवलं, पेठेने वाचलं, सगळे खूश.

आणि मग एका टळटळीत दुपारी, वाचनालयात चिटपाखरू नसताना, बळीराम पेंगत बसला होता. भिंतीपलीकडे माग चालू होता, दर फेऱ्याला एक ठोका. लहानपणी तो याच आवाजावर झोपायचा. कानाने आपोआप मोजायला सुरुवात केली. दहा, अकरा, बारा, आणि तेरा. मग किंचित थांबून पुन्हा एक.

तो ताडकन जागा झाला. पुन्हा मोजलं. तेरा. दुसऱ्या दिवशी त्याने खिसाभर चिंचोके आणले आणि दर ठोक्याला एक टेबलावर ठेवत गेला. तीन दिवस मोजलं, दरवेळी तेरा. मग काहीतरी निमित्त काढून तो लहानूजीकडे गेला आणि यावेळी हातांकडे न बघता म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत बसला. बारा फेरे झाले, की म्हातारा धोटा मांडीशी ठेवायचा, पाय बदलायचा, आणि धागा न घालताच एक रिकामा ठोका मारायचा. मुका ठोका. कापडात त्याचा धागा नाही, म्हणून उसवून सापडत नाही. पण त्यानेच बारा धागे आवळले जायचे आणि दात उभा राहायचा.

बळीरामचा आनंद असा, की घरी येताना तो दोन वेळा आपल्याच दारावरून पुढे गेला. बायको अंजनाबाई उमरेडच्या कोष्ट्यांची. तिला त्याने जेवताना सांगितलं, की म्हाताऱ्याला सवयीमुळे स्वतःलाच ठाऊक नाही, तो तेरा मारतो आणि बारा सांगतो. नोंद चुकीची राहिली असती.

अंजनाबाई वाढता वाढता थांबली. तिच्या माहेरी, ती म्हणाली, मागाजवळ बाहेरचा माणूस उभा राहिला तर गोष्टी चालायच्या, काम थांबायचं.

"लिवाच्या आधी त्यायले एकडाव विचारून घ्या," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? खरं ते खरं."

विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नोंदीत लाल शाईने भर घातली: 'दर बारा फेऱ्यांनंतर पाय बदलून एक ठोका रिकामा मारतात. या ठोक्यामुळेच दात सरळ बसतो. प्रस्तुत लेखकाने हे प्रत्यक्ष मोजून पाहिले आहे.' खाली दोन रेघा ओढल्या.

पंधरा दिवसांनी एक नवा वाचक आला. पांढरं स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं मऊ. लकडगंजहून आलो, म्हणाला. ऐकलं की तुमच्या इथे कोशात पेठेची कला लिहून ठेवली आहे. तांडापेठेबाहेरून कोशासाठी आलेला हा पहिला माणूस. बळीरामने त्याला स्वतःची खुर्ची दिली, नत्थूकडून स्पेशल चहा मागवला. माणसाने 'करवत' वाचलं, एका छोट्या डायरीत उतरवलं, आणि अदबीने विचारलं, की हा रिकामा ठोका नेमका कसा असतो, ताल कळला तर बरं. बळीरामने टेबलावर पेन्सिलीने ताल वाजवून दाखवला. एकदा नाही, तीनदा. पायाची अदलाबदल टेबलाखाली करून दाखवली, आणि माणसाने वाकून पाहिली. वहीत त्याने नाव लिहिलं गुलाबचंद, आणि 'व्यवसाय' या रकान्यात 'जिज्ञासू'. बळीरामने तो शब्द आठवडाभर ज्याला त्याला दाखवला.

चार महिन्यांनी, लग्नसराईच्या तोंडावर, अंजनाबाई सीताबर्डीहून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, चला माझ्यासंगं, काहीतरी पाहायचं आहे. सीताबर्डीतल्या एका कापडदुकानाच्या काचेत आर्ट सिल्कच्या साड्या टांगल्या होत्या. पॉवरलूमच्या, चकचकीत, किंमत लहानूजीच्या लुगड्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. काठाला करवत. बळीरामने काचेला नाक लावलं. हातात घेऊन उलटी केली असती तर नक्कल लगेच कळली असती, पण उलटी करून कोण घेतं? समोरून दात सुईसारखा उभा होता. दुकानदाराला त्याने विचारलं, माल कुणाचा. गुलाबचंदजींचा, तो म्हणाला. कामठी रोडला त्यांनी बारा लूम बसवले आहेत, एका जागी यंत्र मुद्दाम एक ठोका रिकामा मारतं म्हणे, फोरमनने काहीतरी करामत केली आहे.

परत येताना अंजनाबाई भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली, त्या लाल ओळीबद्दल नाही. बोलली असती तर बळीरामला बरं वाटलं असतं.

त्या हंगामात लहानूजीकडे एकच गिऱ्हाईक आलं, रामटेकच्या बाजूची बायजाबाई. तिच्या घरच्या तीन पिढ्यांच्या नवऱ्या या काठात उभ्या राहिल्या होत्या. तिने सीताबर्डीची साडी बरोबरच आणली होती. भांडण नाही, तंटा नाही. ती दारात बसली आणि समजुतीने म्हणाली, की या भावात देता का, नाही तर राहू द्या, पोरीला हीच नेसवीन, लांबून कोणाला काय कळतं. लहानूजीने ती साडी हातात घेतली, नखाने दात चाचपला, आणि बराच वेळ परत दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडचा माग बंद झाला.

पेठेत बातमी आली ती वेगळीच. मुका ठोका घरात दोघांनाच ठाऊक होता, म्हातारा आणि समोर बसणारी उत्तरा. म्हणजे बाहेर गेला तो उत्तराच्याच तोंडून. लहानूजीने तिला काही विचारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्या हातचं पाणी मागणं बंद केलं. स्वतः उठून माठातून घ्यायचा. लोकांनी बाकीचं आपापल्या मनाने भरलं: तिला पैसे मिळाले, तिचा भाऊ लकडगंजात हमाल आहे त्याने सौदा केला. उत्तरा आठव्या दिवशी लकडगंजच्या एका डाळ मिलमध्ये निवडणीच्या कामाला लागली. सकाळी मान खाली घालून जायची, संध्याकाळी केसांत डाळीचा भुसा घेऊन यायची.

बळीरामला हे सगळं माहीत होतं. कोश समोर होता, लाल शाईची ओळ समोर होती. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि पेठेतल्या ज्यांनी ती ओळ वाचली होती त्यांनी ती कौतुकाने वाचून सोडून दिली होती. रिकाम्या ठोक्याची किंमत मागावर बसणाऱ्यालाच कळणार, आणि विणकरांनी ते पान लाल ओळ येण्याआधीच एकदा ऐकून सोडलं होतं. सांगायला फक्त भिंत ओलांडायची होती. पहिला आठवडा त्याने स्वतःला समजावलं, की गुलाबचंदला दुसरीकडूनही कळलं असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, उत्तराला निदान रोजगार लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला कोशातली अक्षरं दिसेनाशी झाली. दुपारी त्या शांत भिंतीला पाठ लावून बसला, की कान आपले मोजायला तयार, आणि मोजायला काही नाही. असे दोन महिने गेले. दोन महिने म्हणजे साठ संध्याकाळी उत्तरा त्या खिडकीवरून गेली, आणि साठही वेळा बळीरामने खंडात तोंड खुपसलं.

एकसष्टाव्या संध्याकाळी त्याने तिसरा खंड काखोटीला मारला आणि तिच्या मागोमाग तिच्या घरात शिरला.

लहानूजी बंद मागाच्या काठावर पाय खड्ड्यात सोडून बसला होता. उत्तरा हातपाय धूत होती. बळीराम म्हणाला, काकाजी, तुमच्याबद्दल लिहिलंय ते तुम्ही कधी ऐकलं नाही, आज ऐका. आणि खंड उघडून उभ्या उभ्या वाचत गेला. रेशीम, रंग, धोटे, बारा फेरे. लाल ओळही त्याने वाचली. पाहुण्याला पेन्सिलीने ताल वाजवून दाखवल्याचंही सांगितलं. चहा पाजल्याचंसुद्धा.

बळीरामच्या हातातला खंड खाली ओढून म्हाताऱ्याने लाल ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. भिंतीतून ऐकलं. चिंचोके ठेवून मोजलं."

"माह्या बापानं तो ठोका मले तोंडानं नाही सांगतला. माहा पाय धरून शिकवला. अन् तू चिंचोक्यानं मोजला." त्याने हात मांडीवर पुसले. "म्या तुले बारा काहून सांगतले असतीन? मले मोजता येत नाही म्हनून?"

 लहानूजीने मान वळवून सुनेकडे पाहिलं.  इतक्या दिवसांत तिला हाक मारायची सवय गेली होती.

"पोरी," तो शेवटी म्हणाला.

"राहू द्या मामाजी," उत्तरा म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन महिने तुमी मले पानी नाही मांगतलं. एक डाव विचारलं असतं तं म्या सांगतलं असतं. आता त्या मागावर मी बसत नाही." आणि ती चूल पेटवायला आत गेली.

बळीरामने पान फाडायला हात घातला. म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. फाडून काय होतं, तो म्हणाला, ज्याला न्यायचं होतं तो घेऊन गेला. मग त्याने मागाच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"बस तिथं."

"मला विणता येत नाही, काकाजी."

"म्या कोठं म्हनलं येते म्हून? बस."

तेव्हापासून ग्रंथपाल बळीराम बारापात्रे रोज पहाटे साडेपाचला परात्यांच्या खड्ड्यात पाय सोडून बसू लागला. पंचेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या महिन्यात त्याने इतके धागे तोडले, की ते जोडले असते तर एक टोक रामटेकच्या गडाला बांधून दुसऱ्याने उमरेडला म्हैस बांधता आली असती. लहानूजी शिव्या देत नसे. फक्त थांबायचा, गाठ मारायचा, आणि पुन्हा सुरू. बोटं सोलली, अंजनाबाईने हळद लावली आणि हसलीही, बऱ्याच दिवसांनी. नऊ वाजता बळीराम कपड्यांवरचं सूत झटकून वाचनालय उघडायचा.

जुना काठ आता विणून उपयोग नव्हता. म्हाताऱ्याने नवा बांधला: दोन करवती समोरासमोर, दातांची टोकं एकमेकांवर रोखलेली पण न भिडणारी, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. ती फट सरळ राहायची तर मुके ठोके दोन लागायचे, आणि दोन वेगवेगळ्या जागी. कुठे, ते लहानूजीने तोंडाने सांगितलं नाही. बळीरामचा पाय धरून दाखवलं. शिवाय एक जुना ट्रान्झिस्टर आणून त्याने वाचनालयाकडच्या भिंतीला टांगला आणि त्याचा कान पिळून पूर्ण मोठा केला. सकाळी भजनं, मग शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, मग बाजारभाव. माग थांबल्यावरही तो चालूच, म्हणजे माग कधी चालतो तेच बाहेर कळू नये. वाचनालयात बसलेल्यांना कापूस-सरकीचे भाव पाठ झाले, पण ठोके कोणाला मोजता आले नाहीत.

फाल्गुनात पहिलं लुगडं उतरलं. उन्हात धरलं तर ती फट पाण्याच्या रेघेसारखी चमकायची. बायजाबाईला निरोप गेला. ती आली, तिने लुगडं मांडीवर घेतलं, दोनदा हात फिरवला, आणि ठेवून दिलं. सुंदर आहे, म्हणाली, पण हे कोणाचं म्हणून सांगू? आमच्याकडं याला कोणी ओळखत नाही. लोक विचारतील, उभी करवत काहून नाही नेसवली. दुसरी दोन घरंही तेच बोलून गेली. लुगडं पेटीत गेलं. उत्तराचा डाळ मिलचा पगार आता त्या घराचा एकमेव पैसा होता. ती चूल पेटवायची, म्हाताऱ्याचं ताट वाढायची, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवायची. म्हातारा तिला रोज काहीतरी विचारायचा, भाजी काय आणली, मिलमध्ये आज ऊन होतं का. ती हो-नाही म्हणायची, त्यापुढे जायची नाही. मागाच्या बाजूला ती फिरकली नाही.

चैत्रात एक दिवस लहानूजी स्वतः वाचनालयात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाचत बसलेली माणसं सरकली. त्याने कोशाच्या फळीकडे पाहिलं आणि बळीरामच्या टेबलापाशी बसला.

"नव्या काठाचं लिव," तो म्हणाला.

बळीरामला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा? म्हाताऱ्याने मान हलवली. कोणाले माहीतच नाही तं नेसन कोन, तो म्हणाला. तुह्या पोथीत आलं की गावोगाव जाते, हे तं आपून पाह्यलंच.

ते खरं होतं, आणि त्यातलं ते 'पाह्यलंच' बळीरामला जाऊन लागलं. त्याने नवा फुलस्केप काढला. काळी शाई घेतली. आजूबाजूला सात-आठ जण वाचनाचं सोंग करून कान देऊन होते. लहानूजी सांगत गेला: नाव काय, दात कसे समोरासमोर, फट का ठेवली, रंग कोणता खुलतो. बळीराम लिहीत गेला.

"फेरे नऊ," लहानूजी म्हणाला.

बळीरामने लिहिलं, नऊ. लेखणी कागदावर तशीच टेकून राहिली. टेबलाखाली त्याच्या पायांना पुढचं माहीत होतं. चौथ्यानंतर एक आणि नवव्यानंतर एक. रोज पहाटे ते पाय ते करत होते. शाईचा ठिपका पसरायला लागला.

"अजून काही, काकाजी?"

लहानूजी त्याच्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता, विनवणीही नव्हती. वाट पाहत होता.

"अजून काय असते गा?"

बळीरामने पूर्णविराम दिला. खाली नेहमीप्रमाणे 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली' असं लिहायला हात गेला, आणि मागे आला. मग त्याने कागदाला खळ लावली आणि तो सगळ्यांदेखत खंडात चिकटवला. म्हातारा उठला, दाराशी चपला शोधायला त्याला बराच वेळ लागला, आणि गेला.

पान वाचायला माणसं येऊ लागली. उमरेडहून कोणी आलं, भंडाऱ्याहून कोणी आलं. लुगड्याची विचारणाही झाली, एक-दोन. गुलाबचंद स्वतः आला नाही. त्याचा कोणी माणूस त्या गर्दीत होता की नव्हता, कोण जाणे. बळीराम आता कोणाला खुर्ची देत नाही, आणि कोणाचा धंदाही विचारत नाही.

मात्र एका दुपारी, रेडिओ बाजारभाव ओरडत असताना, तो अठराही खंड खाली काढून स्वतःच्या हाताने चिकटवलेली पानं पहिल्यापासून वाचायला बसला. सुईणीने बाळंतकाढ्याची आठ मुळं सांगितली होती. सावजी हॉटेलच्या म्हातारीने मसाल्याचे जिन्नस मोजून दिले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवायच्या मारबतीचा पुतळा बांधणाऱ्याने बांबू किती दिवस भिजवायचा ते दिवस सांगितले होते. सगळ्यांनी किती मनापासून सांगितलं होतं, बळीरामला आठवलं; आणि सांगताना किती सहज हसले होते, तेही आठवलं. शंभरावर पानं होती. कोणत्या पानावर कोणी किती कमी सांगितलं असेल, हे त्याला एकाही पानावरून कळेना.

दोर, वजनकाटा आणि वही, सगळं टेबलाच्या खणात होतं. तपासायला मात्र तो गेला नाही.